वाकळ शिवताना मशीन टाका सोडायला लागलं तर

मे महिन्यात आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीत कुणाच्या ना कुणाच्या गच्चीवर जुन्या साड्या आणि लुगडी वाळत पडलेली दिसतात. धुऊन, कडक उन्हात खडखडीत वाळवून, पावसाच्या आत वाकळ, म्हणजे जुन्या कपड्यांचे पदर एकावर एक घालून केलेली गोधडी, शिवून काढायची असा हिशेब. पूर्वी हे काम सगळं हाताचं होतं. दुपारची भांडी झाली की दोघी-तिघी सोप्यावर वाकळ पसरून चहूबाजूंनी धावदोरा घालत बसायच्या. आता तेवढा वेळ कुणाकडे नाही आणि घरोघरी मशीन आहे, त्यामुळे वाकळ मशीनखाली जाते. पहिल्या हातभर टिपेतच दुखणं सुरू होतं. टाके सुटतात, खालून दोऱ्याचा गुंता होतो, सुई मोडते. "मशीन बिघडलं" म्हणून त्यावर चादर टाकली जाते आणि अर्धी वाकळ माळ्यावर जाते.

शेजारपाजारच्या बायकांना मी मशीनवर वाकळ शिवायला शिकवते. इतक्या जणींची मशीनं उघडून पाहिल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगते. बहुतेक वेळा मशीन बिघडलेलं नसतंच. ब्लाऊज शिवायला लावलेलं मशीन तसंच्या तसं वाकळीवर चढवलेलं असतं. तीच बारीक सुई, तेच टेन्शन (दोऱ्याचा ताण), तोच बारीक टाका. दोन पदर शिवणाऱ्या मशीनला एकदम पाच पदर दिले तर त्याला आधी तसं सांगायला हवं, आणि ते कसं सांगायचं तेवढंच इथे लिहिलं आहे.

दुसरी गोष्ट क्रमाची. काही बिनसलं की जवळजवळ प्रत्येकीचा हात पहिल्यांदा टेन्शनच्या स्क्रूवर जातो. तो सगळ्यात शेवटी जायला हवा. आधी सुई, मग वरचा दोरा पुन्हा ओवणं, मग बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ) आणि तिच्याभोवती फिरणाऱ्या शटलमधला कचरा, मग कापडाचं ओझं, आणि एवढं करूनही टाका जमला नाही तर टेन्शन. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लगेच टीप मारून बघा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरं झालं ते कळत नाही, आणि पुढच्या वाकळीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

टाका पडतो कसा

हाताच्या सुईला नेढं मागच्या टोकाला असतं, मशीनच्या सुईला ते पुढच्या अणीजवळ असतं. टोकाशी नेढं असलेली सुई आणि खालून येणारा दुसरा दोरा, या जोडीचं पेटंट इलायस हाऊ या अमेरिकन कारागिराने १८४६ साली घेतलं. आपलं घरातलं मशीन आजही त्याच तत्त्वावर चालतं.

एकदा मशीनचं बूड उघडून, दोन्ही बाजूंना वेगळ्या रंगाचा दोरा घालून, चाक हाताने अगदी सावकाश फिरवून बघा. सुई खाली जाते, तळाशी पोचते, आणि वर यायला लागते. जेमतेम दोन मिलिमीटर वर आली की तिच्या मागच्या बाजूला दोऱ्याचा छोटा फास सुटतो. नेमक्या त्याच क्षणी शटलचं टोक येतं, फास उचलतं, बॉबिनभोवती फिरवून सोडून देतं. मग वरचा, भोकातून दोरा ओवलेला, वर-खाली होणारा दांडा दोरा ओढून घेतो आणि गाठ कापडाच्या पोटात जाऊन बसते. झाला एक टाका.

हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की बाकीचं आपोआप समजतं. टाका सुटला म्हणजे शटलच्या टोकाला फास सापडला नाही. गुंता झाला म्हणजे फिरवून सोडलेला दोरा परत वर ओढला गेला नाही. सुई वाकडी असेल तर फास भलतीकडे सुटतो. सुई बारीक असेल तर पाच पदरांतून जाताना ती वाकते आणि तेच होतं.

आधी नमुना

वाकळीवर थेट टीप मारू नका. वाकळीत जे पदर घालणार आहात त्याच कपड्यांचे वीतभर तुकडे, तितकेच थर, एकावर एक ठेवून नमुना करा. ब्लाऊजच्या चिंधीवर टाका छान येतो म्हणून वाकळीवर येईल असं नाही. नमुन्यासाठी वर लाल दोरा आणि बॉबिनला निळा घ्या, तुकडे शक्यतो पांढरे. कोणता दोरा कुठे डोकावतो ते लगेच दिसतं. खरी वाकळ शिवताना मग हवा तो रंग लावा.

नमुन्यावरच टाक्याची लांबी ठरवा. ब्लाऊजला आपण दोन-अडीच मिलिमीटरचा टाका ठेवतो. वाकळीला तीन ते चार मिलिमीटर हवा. जाड थरांत बारीक टाका रुततो, कापड पुढे सरकत नाही, आणि चुकलं तर उसवताना जीव जातो. जुन्या काळ्या मशीनवर उजवीकडच्या पट्टीवरचा खटका जितका खाली तितका टाका मोठा.

सुई: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित

आमच्या गल्लीत एक टेलर मामा होते. आयुष्यभर शर्ट-पँट शिवल्या, नंतर घरीच असायचे. मी पहिली वाकळ मशीनवर घातली तेव्हा दर चार बोटांवर टाका सुटायला लागला. मामांना बोलावलं. त्यांनी मशीनला हातही लावला नाही. म्हणाले, "वहिनी, सुई कवा बदलली?"

मला आठवेना.

"आठवत न्हाई म्हंजे बदलायची येळ झाली."

नवी सोळा नंबरची सुई लावली आणि मशीन सुरळीत चालू लागलं. तेव्हापासून माझा नियम आहे की नवी वाकळ म्हणजे नवी सुई. ब्लाऊजच्या कामात सुई बरेच दिवस चालते, वाकळीत ती लवकर बोथट होते. जाड थर, जुन्या साड्यांच्या काठातली जर, पूर्वीच्या शिलाईचे गाठाळ कोपरे हे सगळं तिला टोचून पार करावं लागतं.

नंबर कसा निवडायचा? पुड्यावर दोन आकडे असतात, ७५/११, ९०/१४, १००/१६, ११०/१८ असे. दुकानात आपण मागचा आकडा सांगतो. साध्या सुती ब्लाऊजला अकरा किंवा चौदा. विरलेल्या सुती साड्यांचे तीन-चार पदर असतील तर चौदा चालून जाते, चार-पाच पदरांना सोळा. जीन्सचे तुकडे किंवा जाड चादर मध्ये घातली असेल तर अठरा. पण जाड सुई सगळीकडे वापरू नका. विरलेल्या मऊ सुती कापडाला अठरा नंबर मोठी भोकं पाडते आणि दोन-तीन धुण्यांत तिथूनच कापड फाटतं. जुने टी-शर्ट घालून दुपटं करत असाल तर बॉल पॉइंटची सुई मागा. तिचं टोक गोलसर असतं, विणलेल्या धाग्यांना न तोडता त्यांच्यामधून वाट काढतं.

सुई लावण्यात दोन चुका होतात. एक, ती पूर्ण वर गेलेली नसते. स्क्रू सैल करून सुई वर टेकेपर्यंत ढकला आणि मगच आवळा. सुई केसभर खाली राहिली तरी फास आणि शटलची गाठ चुकते. दुसरी, ती फिरलेली असते. सुईच्या दांड्याची एक बाजू सपाट असते आणि त्याच्या विरुद्ध बाजूला लांबलचक खाच असते. दोरा ज्या बाजूने नेढ्यात शिरतो त्या बाजूला खाच आणि पलीकडे सपाट भाग, हे लक्षात ठेवलं की कोणत्याही मशीनवर चुकत नाही. नव्या पद्धतीच्या, समोरून दोरा ओवायच्या मशीनवर सपाट बाजू मागे जाते. काळ्या मशीनवर दोरा बाजूने ओवला जातो, म्हणून जुनी सुई काढण्याआधी तिची सपाट बाजू कुठे आहे ते नीट बघून ठेवा.

सुई वाकली आहे का हे बघायला ती सपाट बाजूवर काचेच्या तुकड्यावर ठेवा. सुई आणि काच यांच्यातली फट टोकापर्यंत सारखी दिसली पाहिजे. टोक बोथट आहे का हे नखावरून हलकेच ओढून कळतं. ओरखडा उठला तर सुई फेकून द्या.

खालचा गुंता, दोष मात्र वरचा

टीप मारली, कापड उलटं केलं, आणि खाली दोऱ्याचा घोस. नवशिक्या हमखास बॉबिन काढून उलटसुलट करायला लागतात. गुंता खाली दिसतो म्हणून दोष खालीच असेल असं वाटतं. खालचा गुंता हा वरच्या दोऱ्याचा असतो. तो टेन्शनच्या, म्हणजे दोरा दाबून धरणाऱ्या, चकत्यांमध्ये बसलाच नाही तर त्याला कुणी ओढून धरत नाही, आणि शटलने फिरवलेला सगळा दोरा खालीच साठतो.

चकत्यांत दोरा का बसत नाही? कारण ओवताना पाय, म्हणजे कापड दाबणारा फूट, खाली असतो. तो खाली असला की चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्या वरवरच राहतो. म्हणून पाय वर करा, चाक आपल्याकडे फिरवून दांडा सगळ्यात वर आणा, दोरा पूर्ण काढा आणि रिळापासून पुन्हा ओवा. अर्धवट काढून मधूनच सुरुवात करू नका. दांड्याच्या भोकातून दोरा गेला आहे ना, हेही बघा. घाईत ते सुटतं आणि मग एका टाक्यातच घोस होतो.

ओवल्यावर एक छोटी परीक्षा घ्या. पाय वर असताना सुईतून दोरा ओढा, तो अलगद यायला हवा. आता पाय खाली सोडून ओढा. हाताला चांगला ताण लागला पाहिजे, सुई किंचित लवलेली दिसली पाहिजे. दोन्ही वेळा दोरा सारखाच सैल आला तर तो चकत्यांत नाही, किंवा चकत्यांमध्ये दोऱ्याचा तुकडा अडकला आहे. पाय वर ठेवून चकत्यांमधून स्वच्छ सुती पट्टी ओढून घ्या. कधी कधी त्यातून वर्षभराचा भुसा निघतो.

टीप सुरू करताना वरचा आणि खालचा दोन्ही दोरे पायाखालून मागे घेऊन पहिले तीन-चार टाके बोटांनी धरून ठेवा. सुरुवातीचा गुंता एवढ्यानेच थांबतो. आणि पायमशीन असेल तर चाक कायम आपल्याकडे फिरलं पाहिजे. नव्याने पायडल मारणारीचं चाक पहिल्या झटक्याला उलटं जातं आणि दोरा तिथेच पिळला जातो. दोन दिवस दोरा न ओवता, नुसत्या कागदावर पायडलचा सराव करा. मला स्वतःला वाकळीसाठी मोटरपेक्षा पायमशीन आवडतं. जाड कोपरा आला की हवं तिथे, एका टाक्यावर थांबता येतं.

बॉबिन आणि भुसा

बॉबिन भरताना दोरा बोटांनी चिमटून एकसारख्या वेगाने भरा. काही ठिकाणी पोकळ आणि काही ठिकाणी घट्ट भरलेली बॉबिन वाकळीच्या मध्यावर टाका बिघडवते, आणि आपण मशीनमध्ये दोष शोधत बसतो. काठोकाठ भरू नका. उरलेल्या जुन्या दोऱ्यावर नवा दोरा गुंडाळू नका. डबीत बॉबिन घातल्यावर दोरा खाचेतून घेऊन पत्तीखाली ओढा. काळ्या मशीनच्या डबीत खाचेपाशी दोरा उलटं वळण घेऊन पत्तीखाली शिरतो. सरळच सरकत असेल तर बॉबिन उलटी बसली आहे. डबी शटलमध्ये बसवताना "टक" आवाज आला पाहिजे. आवाज न येता टीप सुरू केली तर सुई डबीवर आपटून मोडते.

आता भुसा. जुन्या साड्या म्हणजे विरलेलं सूत, आणि त्याची बारीक लव सुईबरोबर थेट शटलमध्ये उतरते. ब्लाऊजच्या कामात महिन्याने साफ केलं तरी चालतं, वाकळीत दर दोन बॉबिनांनंतर शटल उघडा. काळ्या मशीनला दोन खटके असतात. ते बाजूला सारले की कडं निघतं आणि आतली अर्धचंद्र चकती हातात येते. काढताना कशी बसली होती याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. जुन्या टूथब्रशने नाही, रंगाच्या मऊ ब्रशने साफ करा. तोंडाने फुंकर मारू नका, वाफेने गंज धरतो आणि भुसा आणखी आत जातो. साफ झाल्यावर चकतीच्या घसरणाऱ्या कडेवर मशीन तेलाचा एकच थेंब पुरतो.

सुईखालची प्लेट काढून, कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांमधला भुसाही काढा. तिथे तो दाबून दाबून नमद्यासारखा घट्ट होतो, टाचणीने उचकटून काढावा लागतो. दाते त्यात बुडाले की कापड पुढे सरकत नाही आणि टाके एकावर एक पडतात.

वाकळीचं वजन

ही अडचण ब्लाऊज शिवणारीला कधी येतच नाही, म्हणून तिचा संशयही येत नाही. नमुन्यावर टाका सुरेख येतो आणि वाकळीवर मात्र लहान-मोठा, वेडावाकडा पडतो, सुई मोडते. असं झालं की मशीन सोडा आणि वाकळ कुठे लोंबते आहे ते बघा. पाच पदरी वाकळ चांगली जड असते. टेबलावरून खाली लोंबणारा भाग मागे ओढतो, दाते पुढे ढकलतात, या ओढाताणीत सुई वाकून प्लेटवर आपटते.

मशीनच्या डाव्या बाजूला आणि मागे त्याच उंचीचं काहीतरी लावा. डायनिंग टेबल असेल तर उत्तम, नाहीतर खुर्चीवर उशा रचून ठेवा. वाकळ दोन्ही बाजूंनी सुरळीसारखी गुंडाळा आणि कपडे वाळवायच्या चिमट्यांनी धरून ठेवा, म्हणजे मशीनच्या कमानीतून नीट जाते. पहिली टीप वाकळीच्या बरोबर मध्यावर, आणि तिथून एक बाजू काठापर्यंत. मग वाकळ फिरवून दुसरी बाजू. काठापासून सुरू केलं तर मध्यावर कापडाचा फुगा जमतो आणि तो कुठेच जात नाही.

हाताने कापड ओढू नका, ढकलूही नका. दोन्ही तळवे पसरून फक्त दिशा द्या. नवशिकीची सुई मोडण्याचं सगळ्यात मोठं कारण मागून कापड ओढणं हे आहे.

पदर एकमेकांवरून घसरत असतील, वरचा पदर पुढे लाटेसारखा गोळा होत असेल, तर आधी कच्ची शिलाई करा. फरशी पुसून खालचा पदर ताणून अंथरा, कडांना वजनं ठेवा, एकेक पदर हाताने साफ करत वर पसरा आणि चार-चार बोटांवर लांब कच्चे टाके घाला. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण मी ते कधीच टाळत नाही. शिवाय पायाचा दाब किंचित कमी करा. काळ्या मशीनवर डोक्यावरचा स्क्रू डावीकडे फिरवला की दाब हलका होतो. याच्या उलट, सुई वर येताना कापडही तिच्याबरोबर उचललं जात असेल आणि टाके सुटत असतील तर दाब थोडा वाढवा. वरचे पदरही खालच्यांबरोबर पुढे नेणारा वॉकिंग फूट बाजारात मिळतो आणि वाकळीला तो खरोखर उपयोगी आहे. घेताना मात्र आपल्या मशीनला बसतो का, त्याचे दाते खालच्या दात्यांवर येतात का, हे बघून घ्या.

जोड आला, म्हणजे पूर्वीची शिलाई किंवा काठांचा गठ्ठा आला, की पाय पुढून वर उचलला जातो आणि कापड तिथेच अडतं. पुठ्ठ्याची जाड घडी करून पायाच्या मागच्या बाजूला सरकवा, पाय सपाट होतो. मग पायडल सोडा आणि चाक हाताने फिरवून ते चार-पाच टाके पार करा.

कापडाबद्दल एवढंच सांगते की शक्यतो सुतीच घ्या. शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात कापड गिरणी काढली, त्याच्या दोनच वर्षं आधी, १९०४ साली, इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग लावला. चांगलं सुती कापड आपल्या भागात अजूनही हाताशी आहे. नायलॉन आणि जॉर्जेटच्या साड्या मध्ये घातल्या तर पदर घसरतात आणि टाकेही जास्त सुटतात. अस्तराला नवं सुती घेतलंत तर आधी धुवा. कोऱ्या कापडात खळ असते, सुई त्यातून करकरत जाते, आणि धुतल्यावर कापड आटून वाकळ चुरगळते ते वेगळंच. साड्यांचे जरीचे काठ मात्र कापून ठेवा. मध्ये घातले तर जर सुईला आणि दोऱ्याला दोघांनाही कापते. बाहेरून चौकट म्हणून लावले तर शोभून दिसतात.

आता टेन्शन

नवी सुई, नीट ओवलेला दोरा, साफ शटल, आणि वाकळीला आधार. एवढं झालं आणि तरीही नमुना बरोबर नसेल तरच इकडे या.

नमुना उलटसुलट करून बघा. वरच्या बाजूला निळे, म्हणजे बॉबिनच्या दोऱ्याचे ठिपके दिसत असतील तर वरचा दोरा फार घट्ट आहे. खालच्या बाजूला लाल फास दिसत असतील आणि निळा दोरा तारेसारखा सरळ पडला असेल तर वरचा दोरा सैल आहे. वरचा स्क्रू उजवीकडे फिरवला की घट्ट होतो, डावीकडे सैल. आकडे असलेल्या मशीनवर चार-पाचपासून सुरुवात करा आणि अर्ध्या-अर्ध्या आकड्याने सरका. प्रत्येक बदलानंतर वीतभर टीप मारा. जाड थरांत गाठ पोटात लपायला जागा भरपूर असते, त्यामुळे दोन पदरांपेक्षा इथे टाका जमवणं सोपं जातं. पातळ कापडाची चिंधी घेऊन टेन्शन लावू नका, एवढं पाळा.

बॉबिनच्या डबीचा छोटा स्क्रू फिरवायची वेळ क्वचितच येते. आधी परीक्षा घ्या. डबी दोऱ्याला लटकवून धरा. ती आपल्या वजनाने सरसर खाली आली तर सैल आहे. हाताला हलका झटका दिल्यावर दोन बोटं खाली येऊन थांबली तर बरोबर. झटका देऊनही हलली नाही तर घट्ट. स्क्रू फिरवायचाच असेल तर आधी मार्कर पेनने त्याची खूण करून ठेवा आणि घड्याळाच्या पाच मिनिटांएवढंच फिरवा.

दोरा तुटणं, सुई मोडणं

दोरा वारंवार तुटत असेल तर पहिला संशय दोऱ्यावरच घ्या. दोन हातांत धरून झटका द्या. कच्च्या दोऱ्याचा पटकन तुकडा पडतो. आईच्या डब्यातली जुनी रिळं हाताच्या कच्च्या टाक्याला ठेवा. रिळाच्या काठाला दोरा अडकवायची खाच असते, तिच्यात दोरा गुंततो. ती बाजू खाली करून रीळ बसवा. दोरा घसरून रिळाच्या खाली दांड्याभोवती गुंडाळला गेला आहे का, तेही बघा. हे सगळं ठीक असेल तर प्लेटच्या भोकावर कापसाचा बोळा फिरवा. पूर्वी कधी सुई आपटली असेल तर तिथे धारदार खरखरीत कड उठते, कापूस तिथे अडकतो. अगदी बारीक पॉलिश पेपर दोऱ्यासारखा गुंडाळून ती घासून काढता येते.

सुई मोडली तर शिवणं थांबवा आणि सगळे तुकडे शोधा. जुळवून पूर्ण सुई तयार झाली पाहिजे. वाकळीच्या पदरांत टोक राहिलं आणि त्यावर बाळ झोपलं, या विचाराने मी एकदा अख्खी वाकळ चुंबक फिरवत तपासली आहे. टोक मधल्या पदरात सापडलं. तेव्हापासून मशीनच्या खणात चुंबक कायम असतं, आणि मोडक्या सुया झाकणाच्या डबीत जातात, केरात नाही.

पावसाळा आणि तेल

आपल्याकडचा दमट पावसाळा मशीनला मानवत नाही. सुया आणि डबी बंद डब्यात ठेवा, गंज चढलेली सुई घासून वापरू नका. पायमशीनचा चामड्याचा पट्टा दमट हवेत ढिला पडतो, चाक निसटतं आणि जाड भागावर मशीन थांबतं. ते मशीन जड झालं म्हणून नव्हे. पट्टा बोटभर कापून, नवं भोक पाडून, कडी पुन्हा अडकवा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आमच्या नात्यातल्या एका घरात शिरलं आणि मशीन दोन दिवस गाळात होतं. सगळ्यांनी ते भंगारात काढायचं ठरवलं होतं. आम्ही आधी स्वच्छ पाण्याने गाळ धुतला, लगेच उन्हात वाळवलं, सांध्यांमध्ये रॉकेल सोडून चाक हळूहळू मोकळं केलं, पुसून काढलं आणि मग सगळीकडे मशीन तेल दिलं. त्याला तीन दिवस लागले. लाकूड फुगलं ते फुगलंच, पण डोकं आजही चालतं. रॉकेल वापरताना जवळ गॅस किंवा निरांजन नको, आणि मोटर असेल तर तिला ते लावू नका. पाण्यात गेलेली मोटर तर जाणकाराने तपासल्याशिवाय लावूच नका. एरवीच्या देखभालीला फक्त मशीनचं तेल. खोबरेल किंवा गोडेतेल काही दिवसांत चिकट होतं आणि मशीन आखडतं.

मिस्त्रीकडे कधी जायचं

सुई एकदा जोरात आपटून मोडली आणि त्यानंतर नवी सुई, नवा दोरा घालूनही टाका पडतच नाही, शटल खालचा दोरा वर आणतच नाही, किंवा आतून लोखंडाला लोखंड घासल्याचा आवाज येतो. असं असेल तर सुई आणि शटल यांचा मेळ सरकलेला असू शकतो. तो घरी बसवायच्या भानगडीत पडू नका. आतले स्क्रू सैल करून ठेवलेलं मशीन दुरुस्त करणं मिस्त्रीलाही अवघड जातं.

जाताना नुसतं मशीन नेऊ नका. तो लाल-निळ्या दोऱ्याचा नमुना, वाकळीचे तितकेच पदर, तुमची सुई आणि तुमचा दोरा बरोबर न्या. "चालत न्हाई" एवढंच सांगितलं तर तो दोन पदरांच्या चिंधीवर टीप मारून दाखवेल, ती सुरेख येईल, आणि घरी आल्यावर वाकळीवर पुन्हा टाके सुटतील. माझ्या बाबतीत एकदा हेच झालं आणि पैसे दोनदा गेले. आता मी दुकानातच, माझ्याच पाच पदरांवर हातभर टीप मारून बघते आणि मगच मशीन उचलते.

वाकळ पूर्ण झाली की शटल साफ करा, तेल द्या, आणि पायाखाली सुती चिंधीची घडी ठेवून पाय खाली सोडा. जास्तीचं तेल ती शोषून घेते. पुन्हा मशीन काढाल तेव्हा पहिले दहा-बारा टाके त्याच चिंधीवर मारा, नव्या कापडावर तेलाचा डाग पडणार नाही.